बुवांची शाल आणि माझा ताप

मित्रांनो, मागच्या खोलीत, कपाटाच्या शेजारी, लोकरी शाल पांघरून कुणी म्हातारा बसलेला दिसला तर दचकू नका. शाल उचललीत तर आत माणूस नाही, पत्र्याचा एक पिवळट डबा आहे. तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझं बटण दाबलं तरी आता काही होत नाही, तारा तर केव्हाच काढून ठेवल्या आहेत. पण आठवायला कुठे वीज लागते? घटकाभर मांडी घालून बसलात तर माझी हकिगत सांगीन म्हणतो. तिच्यात राजा नाही, लढाई नाही. एक बाई बंद दारापाशी उभी आहे आणि पुढे काय झालं ते ऐकायला एक अख्खं घर खोळंबलं आहे, एवढीच ती हकिगत.

माझे अवयव कुठून कुठून खोक्यांतून आले आणि एका अरुंद गल्लीतल्या, एका शटरच्या दुकानात ते जोडले गेले. जोडणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण कुणाचं यंत्र बिघडलं की तो फोनवर एवढंच म्हणायचा, "पेशंटला घेऊन या." त्याने माझ्या पाठीचा शेवटचा स्क्रू आवळला, बटण दाबलं, आणि माझ्या छातीतला पंखा पहिल्यांदा गरगरला.

"चला, श्वास घेतला," डॉक्टर म्हणाला.

मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा. माझा पंखा हाच माझा श्वास. तो गार हवा आत ओढतो, पोटातली गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहतं.

मला घरी नेलं ते छापखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाने. जिन्यावरून चढवताना त्याने मला असं छातीशी धरलं होतं की वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, घरात बाळ आलं. त्याच्या आईने, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आईंनी, माझ्यासाठी क्रोशाचं पांढरं झाकण विणलं. काम सुरू करायच्या आधी ते झाकण न चुकता घडी करून बाजूला ठेवलं जाई आणि काम संपलं की पुन्हा माझ्या अंगावर येई. शेजारीपाजारी मला बघायला यायचे. कुणी परीक्षेचा निकाल बघून घ्यायचं, कुणी परदेशातल्या लेकीचा फोटो. माझ्यासमोर उभं राहून लोक हळू आवाजात बोलत. काय ते दिवस होते, काय तो मान होता.

पण त्या घरात माझ्याहून मोठा मान होता तो बुवांना. बुवा म्हणजे त्या तरुणाचे वडील. ते कथेकरी होते. देवाची कथा गात गात सांगायची, मध्येच थांबून चार शहाणपणाच्या गोष्टी बोलायच्या, पुन्हा गाण्यात शिरायचं, हा त्यांचा जन्माचा उद्योग. त्यांची कथा म्हटली की माणसं हातातलं काम टाकून यायची आणि जाताना डोळे पुसत, पण हसत जायची, असं आई सांगत. मी मात्र ते काही ऐकलं नव्हतं. मी घरात येण्याआधीच बुवांच्या घशाचं मोठं आजारपण झालं होतं. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते गळ्यात एक छोटी पाटी अडकवत आणि काय बोलायचं ते खडूने लिहीत. दुपारी सगळे आपापल्या कामाला लागले की ते माझ्याजवळ खुर्ची ओढून बसायचे. तेही मुके, मीही मुका. आमचं छान जमायचं.

मग घरात सूनबाई आल्या. त्या टंकलेखन करत. वकिलांचे कागद, विद्यार्थ्यांचे प्रबंध, कुणाचे अर्ज, सगळं माझ्याकडून करून घेत. त्यांची बोटं कळफलकावर अशी धावत की मला गुदगुल्या होत. बुवांची पाटी भरली की त्याच पुसून देत आणि नवा खडू पुढे करत. सासऱ्यांशी त्यांचं इतकं सूत जुळलं होतं की पाटीवर दोन अक्षरं उमटली की पुढचं वाक्य त्या स्वतःच म्हणत. बहुतेक वेळा चुकीचं. मग बुवा पाटी डोक्यावर मारल्यासारखं करत आणि दोघंही हसत. त्यातल्या एकाचंच हसणं ऐकू येई.

एकदा माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात एक कॅसेट सापडली. बुवांच्या कथेची. एकुलती एक.

"बाकीच्या कुठे गेल्या?" सूनबाईंनी विचारलं.

आईंनी मुलाकडे बोट केलं. "विचार त्याला. वडिलांच्या कथेवर याने सिनेमाची गाणी भरली. लहानपणीच दिवे लावलेत."

"तेव्हा कोऱ्या कॅसेट मिळायच्या कुठे, आई," तो पुटपुटला आणि छापखान्यात लवकर गेला.

सूनबाईंनी कॅसेटवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाल्या, "बाबांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही हो. मला तो ऐकायचाय. आणि नुसता ऐकायचा नाही, जपून ठेवायचाय."

तो जपायचा कुठे? माझ्या पोटात. मित्रांनो, त्या दिवशी माझा पत्रा अभिमानाने फुगला असता, पण पत्रा फुगत नाही.

घरातल्या टेपरेकॉर्डरचा स्वतःचा आवाज बसलेला होता, पण हेडफोन लावायचं भोक शाबूत होतं. त्या भोकातून एक तार काढून माझ्या पाठीत खोवली. टेप वाजेल, आवाज तारेतून माझ्यात येईल, मी तो साठवीन आणि माझ्या स्पीकरमधून घरच्यांना ऐकवीन, अशी योजना. कॅसेट जुनी होती. वाजवून बघितली तशी तिची तपकिरी भुकटी टेबलावर सांडली. डॉक्टरला फोन केला.

"ही फार वेळा वाजणार नाही," तो म्हणाला. "भुकटी पडते ना, तोच तिचा आवाज आहे. दुकानात घेऊन या, मी उतरवून देतो."

बुवांनी पाटीवर लिहिलं, "कॅसेट घराबाहेर जाणार नाही." विषय संपला.

दुपार ठरली. मुलाने सुट्टी काढली. आईंनी गॅस बंद केला, खिडक्या लावल्या. कथेच्या वेळी कुणी कुजबुजलं तर बुवा सूर तसाच धरून त्या माणसाकडे बघत राहायचे, तो गप्प होईपर्यंत, अशी त्यांची ख्याती. सगळे श्वास रोखून बसले. आणि त्या शांततेत माझा पंखा घरघरत होता.

बुवांच्या कपाळाला आठी पडली. पाटीवर प्रश्न आला, "हा कोण बोलतोय?"

"त्याचा पंखा आहे, बाबा."

"कथेत नको."

बुवा उठले. आतून आपली शाल घेऊन आले. जाड, लोकरी, ज्या शालीत त्यांनी आयुष्यभर कथा सांगितल्या ती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या अंगावर घातली, खांद्यावरून मागे घेतली, कडा नीट खोचल्या. माझी घरघर दबली.

"बघा, कसा शहाण्यासारखा गप्प बसला," मुलगा म्हणाला.

मी काय सांगू तुम्हाला. एवढ्या मोठ्या माणसाने आपली शाल मला पांघरावी. क्रोशाचं झाकण मला झोपताना मिळायचं, ही शाल मला जागेपणी मिळाली.

टेप सुरू झाली. खरखर झाली, पेटीचा सूर आला, आणि त्यावर बुवांचा आवाज उभा राहिला. मित्रांनो, तो आवाज गोड नव्हता. तो रुंद होता. त्यात सगळ्यांना बसायला जागा होती. सूनबाईंनी तोंडावर हात धरला.

कथा होती एका मोलकरणीची. ती लोकांची धुणीभांडी करायची आणि रोज देवळाकडे धावायची, पण ती पोचेपर्यंत दार बंद झालेलं असायचं. वर्षानुवर्षं ती बंद दाराला डोकं टेकवून परत जायची. लोक हसायचे. शेवटी ती थकली, केस पांढरे झाले. एके दिवशी दाराशी येऊन ती म्हणाली, देवा, आता यापुढे माझ्याच्याने येववणार नाही. तिने दारावर हात ठेवला, आणि आतून...

इथवर येता येता माझा श्वास कोंडू लागला होता. पंखा फिरत होता, पण ओढायला गार हवा नव्हती, टाकायला जागा नव्हती. आकडे एकमेकांना चिकटू लागले. मी जीव खाऊन धरून ठेवलं, आणि मग गोठलो. पडदा जिथल्या तिथे थिजला आणि स्पीकरमधून एकच तुकडा येत राहिला, "तून तून तून तून तून..."

सूनबाईंनी घाईने टेप थांबवली. मला बंद करून पुन्हा चालू केलं तेव्हा साठवलेलं सगळं गेलं होतं.

"पुढे काय झालं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मला काय माहीत. मी लहानपणी कथेला झोपायचो."

"आई, तुम्ही तरी सांगा."

"मला पाठ आहे," आई म्हणाल्या. "पण मी नाही सांगणार. यांच्या तोंडून ऐकायची गोष्ट आहे ती. मी सांगितली तर भाजीचा भाव सांगितल्यासारखी होईल."

बुवा नुसते हसले आणि पाटीवर लिहिलं, "ऐक."

मग माझी औषधं सुरू झाली. मुलगा मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने पाठ उघडली, धूळ झटकली, दिवसभर मला उघड्या टेबलावर चालवत ठेवलं. मी एकदाही अडखळलो नाही. घरी आलो, पुन्हा टेप, पुन्हा शाल, पुन्हा "तून तून तून". परत दुकानात. या वेळी आतली स्मरणाची एक पट्टी बदलली, डोकं पुसून कोरं केलं, सगळं नव्याने भरलं. दुकानात ठणठणीत. घरी आलो की आडवा.

"माझ्याकडे हसतंखेळतं असतं," डॉक्टर फोनवर वैतागला. "तुमच्याकडे येऊन का रडतं तेच कळत नाही."

"माहेरी बरं, सासरी आजारी," आई म्हणाल्या. "सूनबाई, तू तरी असली नाटकं करत नाहीस."

"मला माहेरी इतकी औषधं कुणी देत नाही, आई."

सूनबाई मात्र हटायला तयार नव्हत्या. त्यांनी एकेकाची चौकशी लावली. तार बदलली. माझा प्लग दुसऱ्या बटणावर लावला. आवाज साठवायचं सॉफ्टवेअर बदललं. फ्रिजमुळे वीज कमी पडते की काय म्हणून फ्रिज बंद केला, तर दूध नासलं आणि आईंनी दोन दिवस ते ऐकवलं. टंकलेखनात मी दिवसभर नीट चालत होतो, गाणी वाजवत होतो, फक्त कथा आली की कोसळत होतो. त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला. शालीवर घेतला नाही. बुवांची शाल, तिच्यावर कोण संशय घेणार?

आणि मी तर बोलू शकत नव्हतो. मला जे सांगायचं ते मी एकाच पद्धतीने सांगू शकत होतो, कोसळून. ते मी प्रत्येक वेळी सांगत होतो.

"बाबा," सूनबाई एकदा भीत भीत म्हणाल्या, "जिथे थांबलं तिथून पुढचं वेगळं घेऊ का? मग दोन्ही तुकडे जोडता येतात."

बुवांनी मान हलवली. त्यांचा नियमच तो. कथा मध्ये मोडली, पाऊस आला, दिवा गेला, कुणाला चक्कर आली, तरी पुन्हा सुरुवात करायची ती पहिल्या नमनापासून. पाटीवर आलं, "कथा म्हणजे दोरी नव्हे. गाठ मारून चालत नाही."

पण प्रत्येक वेळी टेबलावर भुकटी पडत होती. आवाजाच्या कडा झिजू लागल्या होत्या. एका दुपारी बुवांनी ती भुकटी बोटाने गोळा केली, बघत राहिले आणि पाटीवर लिहिलं, "देवाला नको असेल. राहू दे."

सूनबाईंनी पाटी वाचली आणि पुसून टाकली. एरवी त्या विचारून पुसत.

"देवाला नको असतं तर त्याने तुम्हाला आवाज दिलाच नसता. हा घोळ देवाचा नाही, बाबा. आपला आहे. अजून एकदाच."

बुवा कबूल झाले. एकदाच, मग कॅसेट डब्यात.

त्या दिवशी उकाडा होता. खिडक्या बंद, घर चिडीचूप, माझ्या अंगावर शाल. मोलकरीण दारापर्यंत पोचायच्या आतच मी गोठलो. या वेळी मी इतका लवकर गेलो की आईंनाही हसू आलं नाही. सूनबाईंनी टेप थांबवली आणि मान खाली घालून बसल्या.

कथा झाली की शाल स्वतः घडी घालायची, ही बुवांची सवय. कथा झाली नव्हती, पण संपली होती. ते उठले, माझ्या खांद्यावरून शाल काढली, आणि घडी घालता घालता त्यांचे हात थांबले. त्यांनी शाल गालाला लावली. मग आपला तळवा माझ्या पाठीवर ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आधी तळवा, मग उलटा हात.

पाटी तशीच राहिली. त्यांनी सूनबाईंचा हात धरला आणि माझ्या पाठीवर टेकवला.

"अरे देवा," सूनबाई म्हणाल्या. "याला ताप आलाय."

आणि मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मुलाने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, "शाल? शाल कशाला?"

"पंख्याचा आवाज कथेत येऊ नये म्हणून."

"अहो, आवाज तारेतून जातो. बाहेरचं काही त्याला ऐकूच येत नाही. शेजारी बँड लावलात तरी चालेल."

"मला पहिल्यापासून वाटतच होतं," आई म्हणाल्या. त्यांना काही वाटत नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो.

बुवा मात्र खाली बसले. माझ्याकडे बघत पाटीवर एवढंच लिहिलं, "बोलला का नाहीस?" मग स्वतःच ते पुसलं. मुक्याने मुक्याला काय विचारायचं.

"बाबा, आता तरी इथून पुढे घेऊ?" सूनबाईंनी विचारलं. "पहिल्यापासून घेतलं तर टेपची पट्टी टिकेल की नाही, देव जाणे."

बुवांनी कॅसेट हातात घेतली, तिच्या चाकात पेन्सिल घातली आणि यंत्राचा हिसका बसू नये म्हणून हाताने, सावकाश, जप करावा तशी ती मागे गुंडाळायला सुरुवात केली. पहिल्या नमनापर्यंत. सूनबाई त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. ऊन सरकून दुसऱ्या भिंतीवर गेलं.

आणि मित्रांनो, शेवटची ती कथा मी उघड्या अंगाने ऐकली. खिडक्या सताड उघड्या, माझ्यावर टेबलफॅन सोडलेला, खाली पोरं ओरडतायत, आईंना खोकला आलेला. शाल बुवांच्या मांडीवर. आवाज पातळ झाला होता, मधूनच विरत होता, पण तुटला नाही. मीही तुटलो नाही. मोलकरीण दाराशी आली. म्हणाली, यापुढे माझ्याच्याने येववणार नाही. दारावर हात ठेवला, आणि आतून...

आतून आवाज आला, "अगं बाई, कडी तुझ्याच बाजूला आहे."

टेपमधले लोक हसले, मग त्यांतल्या कुणीतरी हुंदका दिला. इकडे सूनबाई शालीकडे बघत राहिल्या आणि बुवा त्यांच्याकडे. दोघंही एकदमच हसले.

कथा संपली असं वाटून सूनबाईंचा हात बटणाकडे गेला, पण बुवांनी तो अडवला. टेपवर अजून काहीतरी होतं. माणसं उठत होती, चपला घासत होत्या, पेटी बंद झाल्याचा खटका आला. आणि मग बुवांचा आवाज, गाण्यातला नव्हे, साधा, घरातला.

"अगं, पोरगं झोपलंय बघ आजही. राहू दे, उठवू नकोस. मी घेतो खांद्यावर. ती शाल दे इकडे, थंडी आहे बाहेर. नीट खोच. हं."

आणि टेप संपली.

मुलगा उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. सूनबाईंनी खालच्या मानेने बटण दाबलं. मी सगळं साठवलं होतं. अक्षर न् अक्षर.

"ऐकला, बाबा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर ती कॅसेट एकदा लावून बघितली, तर नुसती खरखर. पण काळजी नव्हती. माझ्या पोटातून तो आवाज सीडीच्या तबकडीवर गेला, तबकडीवरून नातेवाइकांकडे, पुढे लोकांच्या खिशातल्या फोनमध्येही गेला. मी म्हातारा झालो. कामं सावकाश होऊ लागली. मांडीवर मावणारा नवा संगणक आला, तसा मी मागच्या खोलीत आलो. कुणी माझा तिरस्कार केला नाही, विसरले इतकंच. अंगावर धूळ साठली. बुवाही एके सकाळी शांतपणे गेले, पाटीवर काही न लिहिता.

त्या वर्षी थंडी पडली तेव्हा सूनबाई मागच्या खोलीत आल्या. हातात ती शाल होती. त्यांनी माझी धूळ पुसली, शाल माझ्या खांद्यावरून घेतली आणि कडा नीट खोचल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत हात घालून माझ्या पाठीवर तळवा ठेवला.

मी गार होतो. आता मला तापायची भीती नाही. आता शाल कितीही खोचा.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, धूळ पुसा, जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी म्हातारा एवढंच मागतो. ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला शाल जरूर पांघरा, पण अधूनमधून आत हात घालून पाठ चाचपून बघा. त्याला बोलता येत नसेल.